मांडा कोणाच्या घड्याळाने शिळा होतो?

सावदा,
१९ नोव्हेंबर १९५०

ती. कुंदाअक्का यांच्या सेवेशी,
सावद्याहून सुनंदा कौतिक महाजन हिचा नमस्कार.

दसऱ्यानंतर आपण आपले धाकटे बंधू लीलाधरराव यांच्यासह मला पाहण्यास आमच्या घरी आलात, तेव्हा निघताना माझ्या हनुवटीला हात लावून म्हणालात, "काही वाटलं तर मला लिही." त्या दिवशी मी एकंदर दोन शब्द बोलले होते. त्यांतला एक 'हो' होता आणि दुसरा 'साखर?' होता. जे तोंडाने साधत नाही ते मला कागदावर बऱ्यापैकी साधते, म्हणून हे धाडस.

आपल्या बंधूंना नैरोबीच्या शाळेत भूगोलशिक्षकाची जागा मिळाली, जानेवारीच्या मध्यापर्यंत त्यांना रुजू व्हायचे आहे आणि वेळ थोडा असल्याने शाळा त्यांना विमानाने नेत आहे, हे आपले पत्र आबांना पोचले. आबांनी दिलेला होकार परत घेतलेला नाही, परंतु तो खुंटीला टांगून ठेवला आहे. कारण आपल्या कानावर असावे, म्हणून लिहिते.

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मुलीला माहेरी आणायला मुराळी जातो, हे आपल्याकडे सर्वत्र आहे. आमच्या घराण्यात त्याला एक जोड आहे. मुराळ्याने माहेरी केलेले पुरणाचे मांडे बरोबर न्यायचे, आणि आज सकाळी केलेला मांडा उद्या रात्रीच्या जेवणात मुलीच्या ताटात पडला पाहिजे. ज्या गावी तो तसा पडत नाही, त्या गावी आमच्या चार पिढ्यांनी मुलगी दिलेली नाही. थोरल्या आत्याला चोपड्याला देतानाही, वाटेत बैल बसला तर काय, यावर दोन दिवस खल झाला होता. धुळ्याला हरकत नव्हती. नैरोबीला आहे.

मी शाळेत जाऊन, हेडमास्तरांच्या परवानगीने, पृथ्वीगोलावर दोरा धरून अंतर मोजले. मुंबईपासून सुमारे अठ्ठावीसशे मैल भरले. भिंतीवरच्या नकाशावर मोजले तेव्हा निराळेच भरले. मी दोन्ही आकडे प्रामाणिकपणे आबांपुढे ठेवले, ही माझी चूक झाली. आबा म्हणाले, "ज्या गावाचे दोन मापं निघतात, तठी पोरगी कशी द्यावी?" शिवाय शाळेच्या पृथ्वीगोलाला नेमका अरबी समुद्राच्या जागी पोचा आलेला आहे, त्यामुळे माझे माप थोडे कमी भरण्याचा संभव आहे, हे मी त्यांना सांगितले नाही.

तरी विमानाला खरोखर किती वेळ लागतो, ते आपण चौकशी करून कळवाल काय? मला स्वतःला काय वाटते हे अद्याप कोणी विचारलेले नाही. विचारले असते, तरी मी बहुधा साखरेचीच वाटी पुढे केली असती.

आपली नम्र,
सुनंदा

*

धुळे,
२६ नोव्हेंबर १९५०

चि. सुनंदा हिस आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. वाचून फार समाधान झाले. मी प्राथमिक शाळेतली एक सामान्य शिक्षिका. तरी लीलाधरच्या कपाटातील पुस्तके चाळून तुझ्या शंकांचे निरसन करण्याचा प्रयत्न करते.

प्रथम, तुझे दोऱ्याचे माप बरोबर आहे आणि भिंतीचे चूक आहे. गोल वस्तूची साल सपाट पसरली की ती कुठे ताणते, कुठे फाटते. नकाशाचे तसेच असते. विमान मात्र सालीवरून जात नाही, फळावरून जाते. पृथ्वीगोलावर दोरा धरण्याची बुद्धी ज्या मुलीला कोणी न सांगता होते, तिच्याविषयी माझ्या (म्हणजे आमच्या घरातील सर्वांच्या) मनात अत्यंत आदर उत्पन्न झाला आहे.

आता वेळ. विमान मुंबईहून सकाळी आठला सुटते. ते कराची आणि एडन येथे उतरते, कारण तेल घ्यावे लागते. म्हणून त्याचा रस्ता तुझ्या दोऱ्यापेक्षा थोडा वाकडा आहे. थांबे धरून सोळा तास लागतात. म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र होते, परंतु नैरोबीचे घड्याळ आपल्यापेक्षा पावणेतीन तास मागे असल्याने तिथे सव्वानऊच वाजलेले असतात. ही जेवणाचीच वेळ. सावद्याला सकाळी मांडे करून दुपारची गाडी धरली, भुसावळला मुंबईची गाडी घेतली आणि पहाटे उतरून विमान गाठले, तर दुसऱ्या रात्रीच्या जेवणात मांडा ताटात पडतो. आबांचा नियम तंतोतंत पाळला जातो.

मांड्यांच्या टिकाऊपणाविषयी मी स्वानुभवाने सांगू शकते. मी मांडे लाटते तेव्हा ते पातळच लाटते आणि दोन दिवस सहज राहतात.

लीलाधर बरा मुलगा आहे. अबोल आहे, पण वाचन चांगले आहे. त्याचे कान मोठे आहेत असे काही लोक म्हणतात. ते वस्तुतः तितके मोठे नाहीत.

तुझी,
कुंदाअक्का

*

सावदा,
४ डिसेंबर १९५०

ती. कुंदाअक्का यांस सादर नमस्कार.

आपले विद्वत्तापूर्ण पत्र मिळाले. आबांच्या सांगण्यावरून मी ते माजघरात सर्वांसमोर मोठ्याने वाचले. फक्त एक वाक्य गाळले.

ते वाक्य मांडे लाटण्याविषयीचे होते. अक्का, सातपुड्यापासून तापीपर्यंत कोणत्याही बाईने मांडा लाटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तो दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवतात आणि पालथ्या खापरावर टाकतात. पोळपाट-लाटणे त्या दिवशी फळीवरून खाली उतरतच नाही. हे आपल्यासारख्या खानदेशच्या लेकीला ठाऊक नसेल, असे मानणे हा आपला अपमान होईल. तेव्हा ज्या कोणी आपल्या नावाने ते पत्र लिहिले असेल, त्यांना एवढेच कळवावे की सालीचा आणि फळाचा दृष्टान्त मला अतिशय आवडला, आणि कानांच्या बाबतीत माझे निरीक्षण निराळे असले तरी माझी तक्रार नाही.

आता इकडची हकिकत. पत्र ऐकून आबांनी असा प्रश्न काढला की ज्याचे उत्तर माझ्या कोणत्याही पुस्तकात नाही. ते म्हणाले, "मले एक सांग. मांडा कोनाच्या घड्याळानं शिळा व्हतो? आपल्या, का त्यायच्या?"

मी रेखांशांचे स्पष्टीकरण केले. ते म्हणाले, रेखांश माणसांसाठी ठीक आहेत; पुरण सावद्याच्या चुलीवर शिजले, ते सावद्याचेच घड्याळ धरून चालणार, आणि सावद्याच्या घड्याळात तेव्हा मध्यरात्र झालेली असते, जेवण कधीच उरकलेले असते. आईचे म्हणणे पडले की पुरणाला घड्याळ कळत नाही, उष्मा कळतो. शेजारचे तोताराम नाना केवळ विस्तव मागायला आले होते, ते या वादात दोन तास बसले. त्यांच्या मते विमान उंचावरून जाते, उंचावर गारवा असतो, म्हणून मांडा उलट ताजा होत जाईल. या मताला मात्र कोणी दुजोरा दिला नाही.

सारांश, होकार खुंटीवरच आहे.

आपली,
सुनंदा

*

धुळे,
१० डिसेंबर १९५०

चि. सुनंदा,

हे पत्र मी, खरी कुंदा नारखेडे, स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

आमचा पोस्टमन टपाल रोज लीलाधरच्या हाती देतो. परवा तो नेमका माझ्या शाळेवरून गेला आणि तुझे पत्र मला मिळाले. मुली खेळायला सोडून मी ते लिंबाखाली उभी राहून वाचले. मला कोणी पत्र लिहिले आहे आणि मी त्याला उत्तरही दिले आहे, हे मला त्या लिंबाखाली कळले.

संध्याकाळी घरी आले तेव्हा तो पुस्तकात तोंड घालून बसला होता. मी ताट वाढले, समोर बसले आणि विचारले, "काय रे भाऊ, मांडा लाटस तू?" त्याचा घास हातातच राहिला. कान लाल झाले. ते किती मोठे आहेत, हे लाल झाल्यावरच खरे कळते. आईबाप गेल्यापासून मी त्याला वाढवला; आजवर एक खोटे बोलला नाही, आणि बोलला तेही असे की पहिल्याच पत्रात एका पोरीने पकडले. मी म्हटले, बठ्ठं सांग. त्याने सगळे सांगितले. तुझे पत्र माझ्या नावाचे होते, ते त्याने फोडले, ही त्याची चूक. ती त्याने कबूल केली आहे. पण फोडल्यावर उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही, हे तो जसे म्हणाला, ते ऐकून मला त्याला फार रागवता आले नाही.

आता कामाचे. घड्याळाचा वाद घरात बसून मिटायचा नाही. लीलाधर नऊ जानेवारीच्या विमानाने निघतो आहे. तो आठ तारखेला सकाळी सावद्याला येईल. आबांनी मांडे त्याच्याबरोबर द्यावेत. मुराळी ज्या वाटेने जाईल त्याच वाटेने तो जाईल, नैरोबीला पोचून मांडा खाईल आणि कसा लागला ते आबांना कळवील. लग्न व्हायचे तर पुढल्या मार्गशीर्षात, त्याच्या मोठ्या सुट्टीत. तोवर आबांना विचार करायला अवधी आहे.

आणि एक. तू मैल मोजलेस, तास मोजलेस, घड्याळे मांडलीस. तुझी दोन्ही पत्रे मी पुनःपुन्हा वाचली. तुला जायचे आहे की नाही, हे त्यांत कुठेच नाही. मला ते आधी हवे. तुझे मन नसेल, तर मांडे एका तासात पोचले तरी मला तू भावजय म्हणून नको.

कुंदाअक्का

*

सावदा,
९ जानेवारी १९५१

ती. कुंदाअक्का यांस,

हे पत्र लिहीत असताना लीलाधरराव विमानात असतील.

काल आई पहाटेच उठली. मांडे उत्तम झाले. ते बांधायच्या वेळी वाद झाला. आईला ते गार होऊ द्यायचे होते आणि जुन्या लुगड्याच्या धुवट फडक्यात ठेवायचे होते. आबा मळ्यातून केळीची कोवळी पाने घेऊन आले होते. आपल्या मळ्याचे पान विमानात बसले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. गाडीची वेळ झाली, म्हणून मांडे वाफेसकट पानात गेले.

स्टेशनवर आबांनी पुडके लीलाधररावांच्या दोन्ही हातांत ठेवले आणि सांगितले, जिथे दुसऱ्या रात्रीचे जेवण होईल तिथेच सोडायचे, त्याआधी हुंगायचेसुद्धा नाही. आणि जे असेल ते लिहायचे, आम्हांला बरे वाटावे म्हणून काही लिहायचे नाही. त्यांनी मान डोलावली. मी आईच्या मागे उभी होते. गाडी हलल्यावर त्यांनी खिडकीतून पाहिले. पुडके मांडीवर सरळ धरले असल्यामुळे त्यांना हात हलवता आला नाही. मला हलवता आला असता, पण तोवर गाडी पुष्कळ पुढे गेली होती.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मी चार वेळा लिहिले आणि चारही वेळा ते निबंधासारखे झाले. ते मी प्रथम इथे, तोंडाने द्यावे, असे मला वाटू लागले आहे. त्यासाठी थोडा अवधी द्यावा.

सुनंदा

*

नैरोबी,
११ जानेवारी १९५१

तीर्थस्वरूप कौतिकआबा यांस,
लीलाधर नारखेडे याचा नमस्कार.

मी काल दुपारी सुखरूप पोचलो. परवा रात्रीच पोचायचे होते. कारण लिहितो.

मुंबईहून विमान वेळेवर सुटले. माझी जागा खिडकीजवळ होती. जमीन सुटल्यावर थोड्या वेळाने ढग खाली गेले. जिनाच्या आवारात सरकी काढलेला कापूस दूरवर पसरून ठेवावा आणि त्यावर ऊन पडावे, तसे दिसत होते. आणि त्या कापसावरून आमच्या विमानाची सावली बकरीच्या करडाएवढी होऊन आमच्याबरोबर पळत होती. समुद्र वरून मुळीच हलत नाही. तो नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा दिसतो.

एडनला उतरलो तेव्हा संध्याकाळ होती. तिथे विमानाच्या एका यंत्रात बिघाड निघाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचे ठरले. सगळ्यांना जेवायला बसवले. दुसऱ्या रात्रीचे जेवण जिथे होईल तिथे पुडके सोडावे, अशी आपली आज्ञा होती. म्हणून मी ते एडनला सोडले. मांडा मऊ होता आणि पुरणाला कोणताही वास नव्हता. एक मांडा खाल्ला. उरलेले पुन्हा बांधून इथवर आणले. इथे काल दुपारी उघडले तेव्हा पाने काळी पडली होती, आतून पाणी सुटले होते आणि पुरण आंबले होते. ते खाता आले नाही.

जे असेल ते लिहा, असे आपण म्हणाला होता, त्याप्रमाणे लिहिले आहे. आपल्या नियमाप्रमाणे मुलगी एडनपर्यंत देता येते. माझी शाळा एडनच्या पुढे अकराशे मैल आहे. यावर मला बोलण्यासारखे काही उरत नाही. सुनंदाच्या आईंना सांगावे की असा मांडा मी यापूर्वी खाल्ला नव्हता.

आपला,
लीलाधर

*

सावदा,
२८ जानेवारी १९५१

ती. कुंदाअक्का यांस सादर नमस्कार.

आपल्या प्रश्नाचे उत्तर शेवटी दिले गेले. कसे, ते क्रमाने सांगते.

बंधूंचे पत्र मीच वाचले. 'आंबले' हा शब्दही गाळला नाही. आबांनी विचारले, "एडनले आपलं कोनी आहे का?" आई म्हणाली, नाही. मग आई उसळली. फडक्यात ठेवले असते तर मांडे चार दिवस राहिले असते. पानाने घाम धरला. पान कोणी आणले होते? आबा म्हणाले, त्यांच्या मळ्यातले पान कोणाचेही अन्न नासवत नाही. दोन दिवस घरात हेच चालले. पान निर्दोष की फडके श्रेष्ठ, यावर तोताराम नानांनीही साक्ष दिली. माझे काय, हे त्या दोन दिवसांत एकाही माणसाला आठवले नाही, आणि माझ्या लक्षात आले की मी गप्प राहिले तर माझ्या आयुष्याचा निकाल केळीच्या पानावर लागणार आहे.

एक गोष्ट आणखी घडत होती. आबा रोज मळ्यातून आल्यावर मला पत्र वाचायला सांगत. सगळे नाही, फक्त ढगांपासून सारवलेल्या अंगणापर्यंत. त्या सावलीच्या जागी ते मला थांबवत आणि "करडाएवढी?" असे विचारत. मी 'हो' म्हणे.

काल तिसऱ्या वेळी तेवढे वाचून झाल्यावर मी पत्र घडी करून ठेवले आणि म्हणाले, "आबा, मले नैरोबीले जायचं आहे."

आईच्या हातातली पळी थांबली. मी इतक्या मोठ्याने बोलले होते की मलाच ते दुसऱ्या कोणाचे वाटले. आबांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांनी विचारले, "मांड्यायचं काय?"

मी म्हणाले, "मांडे मी तठी करीन. तुम्ही नुसते या."

अक्का, हे वाक्य मी आधी लिहून पाहिलेले नव्हते. ते कुठून आले, मला ठाऊक नाही. आबा उठले, त्यांनी टोपी घातली आणि ते बाहेर गेले. मला भाऊ नाही. मुराळी म्हणून जायचे ते आबांनाच, आणि आबा आजवर भुसावळच्या पुढे गेलेले नाहीत. हे आम्हां तिघांनाही ठाऊक होते, पण इतके दिवस आम्ही त्याविषयी न बोलता पुरणाविषयी बोलत होतो.

ते अंधार पडता परत आले. आईला म्हणाले, खापर जपून पाठवावे लागेल, वाटेत फुटते. आईने मला स्वयंपाकघरात बोलावले आणि माझ्या हातावर पिठाचा गोळा ठेवला. माझा पहिला मांडा मनगटावर फाटला. दुसराही फाटला. मार्गशीर्षापर्यंत जमेल, असे आई म्हणते.

आपली,
सुनंदा

*

सावदा,
४ फेब्रुवारी १९५१

चि. लीलाधरराव यांस कौतिक महाजन याचे आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः लिहितो आहे. एरवी माझी पत्रे सुनंदा लिहिते. पन हे तिच्याकडून लिहून घेन्यासारखे नाही. अक्षर समजून घ्या.

तुमचे पत्र पोचले. तुमी खरे लिहिले, ते बरे केले. मांडा चांगला व्हता असे लिहिले असते तर मले तुमचा संशय आला असता, कारन त्या पानात तो राहनार नाही हे मले स्टेशनावरच कळले व्हते. घरात हे बोललो नाही.

पोरगी तुमाले दिली. मार्गशीर्षातली तिथ कुंदाबाईंशी बोलून ठरवतो. अठरा वरसांत या पोरीनं मले काही मागितलं नव्हतं. पुस्तकंसुदिक दुसऱ्याची आनून वाचली. आता मागितलं ते अठ्ठावीसशे मैलावरचं मागितलं, तर नाही कसं म्हनावं? मी नाही म्हटलं तर ती पुन्हा गप्प बसल, आन् ते मले पाहवनार नाही.

पहिल्या आखाजीले मुराळी मी येईन. एकटा येईन. हातात काही आननार नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, विमानात धोतर चालते का? दुसरी, तुमाले खिडकीजवळची जागा मिळाली, ती नशिबानं मिळाली का आधी सांगून ठेवता येते? येत असल तर आतापासून सांगून ठेवा, आन् ज्या बाजूनं सावली दिसते त्या बाजूची सांगा. सुनंदाले यातलं काही कळवू नका. तिले वाटते मी तिच्यासाठीच येतो आहे.

कौतिक महाजन